चितारआळीचा अर्ज: सावंतवाडी सर्जनशील शहरांच्या जाळ्यात बसेल का?

जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले रायगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे पाच कोकणातले. किल्ल्यांना मान मिळाला, मग सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांना का नाही, असं कुणी विचारलं तर त्यात चूक काही नाही. फक्त किल्ले ज्या दारातून आत गेले ते दार चितारआळीसाठी, म्हणजे ही खेळणी करणाऱ्या सावंतवाडीतल्या आळीसाठी, नाही. तिच्यासाठीचं दार वेगळं आहे आणि तिथल्या अटीही वेगळ्या आहेत.

ते दार म्हणजे सर्जनशील शहरांचं जाळं. युनेस्कोने ते 2004 मध्ये सुरू केलं आणि साहित्याचं शहर म्हणून एडिंबरा सर्वांत आधी आत आलं. हस्तकला व लोककला, डिझाइन, चित्रपट, खाद्यसंस्कृती, साहित्य, माध्यमकला आणि संगीत अशी सात क्षेत्रं होती. 2025 मध्ये वास्तुकला हे आठवं आलं. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर 58 नवी शहरं दाखल झाली आणि एकूण आकडा 408 वर गेला. भारतातली नऊ: जयपूर आणि श्रीनगर हस्तकलेसाठी, वाराणसी, चेन्नई आणि ग्वाल्हेर संगीतासाठी, मुंबई चित्रपटासाठी, हैदराबाद आणि लखनौ खाण्यासाठी, कोझिकोड साहित्यासाठी. महाराष्ट्रातून फक्त मुंबई. मुंबई सोडली तर कोकण किनाऱ्यावरून कुणीच नाही.

आता प्रकरण असं मांडू. सावंतवाडी नगरपरिषदेने हस्तकला व लोककला या क्षेत्रात अर्ज करायचं ठरवलं असं धरायचं, आणि अर्जातले मुख्य रकाने एकेक करून भरून बघायचे. कुठे पेन सरसर चालतं आणि कुठे अडतं, एवढंच पाहायचं. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: कलेच्या रकान्यात पेन कुठेच अडत नाही. अडतं ते नगरपरिषदेच्या रकान्यात.

सही कुणाची

हा अर्ज राज्य सरकारचा नसतो, पर्यटन खात्याचा नसतो, राजघराण्याचा नसतो आणि कारागिरांच्या सोसायटीचाही नसतो. अर्ज शहर करतं, महापौराच्या सहीने. छोट्या गावात नगराध्यक्षाच्या. मग देशाच्या राष्ट्रीय आयोगाने त्याला पाठिंबा द्यावा लागतो. आपल्याकडे हा आयोग शिक्षण मंत्रालयाखाली आहे. शिवाय एका फेरीत एका देशातून दोनच अर्ज जाऊ शकतात, तेही दोन वेगवेगळ्या क्षेत्रांतले.

जागतिक वारसा आणि हे जाळं यांच्यातला फरक इथेच दिसतो. किल्ला आहे तो आहे. त्याला संरक्षण द्यायचं, त्याच्याभोवती काय बांधायचं नाही ते ठरवायचं. सर्जनशील शहराच्या बाबतीत युनेस्को जुन्या वैभवाचं प्रमाणपत्र देत नाही. पुढच्या चार वर्षांत तुम्ही काय करणार, कोण करणार, कशाच्या पैशातून करणार, असं विचारतं. काही कामं गावासाठी आणि काही जाळ्यातल्या इतर शहरांबरोबर, अशा दोन बाजूंनी आराखडा लिहून द्यायचा. यादीत आल्यावर दर चार वर्षांनी अहवाल पाठवायचा.

महाराष्ट्रातल्या बहुतेक नगरपरिषदांवर काही वर्षं प्रशासक होते. निवडणुका झाल्या त्या डिसेंबर 2025 मध्ये. प्रशासकाच्या काळात गटारं होतात, रस्ते होतात, पण 'आम्ही चार वर्षं हे करू' असा शब्द बाहेरच्या संस्थेला कोण देणार? मुख्याधिकारी बदलून जातो. आता नगराध्यक्ष निवडून आलेले आहेत आणि मुदत पाच वर्षांची आहे. म्हणजे सही करणारा हात आहे. हा रकाना आज भरता येतो, तीन वर्षांपूर्वी भरता आला नसता.

क्षेत्र कोणतं

यावर वाद होणार हे गृहीत धरा. सिंधुदुर्गात कुणालाही विचारलं तर तो आधी जेवणाचं नाव काढील. मालवणी सार, तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, सोलकढी, आंबोळ्या. पण खाद्यसंस्कृतीत हैदराबाद 2019 मध्ये गेलं आणि लखनौ 2025 मध्ये. शिवाय मालवणी जेवण सावंतवाडीचं एकटीचं नाही. साहित्य म्हणाल तर मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्याचे, विंदा करंदीकर धालवलीचे, जयवंत दळवी आरवलीचे. नावं जिल्ह्याची झाली, शहराची नाही. लाकूडकाम आणि गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, मात्र सावंतवाडीचीच. तेव्हा हस्तकला, विषय संपला.

हद्द

इथे पहिल्यांदा पेन थबकतं. जाळ्याचं एकक शहर आहे, आणि कोकणातली कला शहरात राहत नाही. चित्रं दाखवत गोष्ट सांगायची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या पिंगुळीच्या, कुडाळजवळच्या ठाकर वस्तीतल्या. तिथले परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. दशावतारी कंपन्यांना तर गाव असं नाहीच. जत्रेचा हंगाम सुरू झाला की आज या देवळात, उद्या त्या देवळात. सावंतवाडी शहराची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 25 हजारांच्या आत होती. नगरपरिषदेची हद्द ओलांडली की दुसऱ्या मिनिटाला ग्रामपंचायत लागते. खेळण्यांना लागणारं लाकूडही त्या हद्दीबाहेरच वाढतं.

छोट्या शहरांना मज्जाव आहे असं मात्र नाही. पोर्तुगालमधलं इदान्या-अ-नोव्हा 2015 मध्ये संगीतासाठी आलं आणि त्याची लोकसंख्या 10 हजारांच्याही आत आहे. त्याच वर्षी ओबिदुश साहित्यासाठी आलं, तेही टुमदार गावच. जपानमधलं ताम्बा-सासायामा मातीच्या भांड्यांसाठी. पण या सगळ्यांना एक सोय आहे जी आपल्याला नाही: तिथली नगरपालिका म्हणजे भोवतालची खेडी, शेतं, डोंगर धरून एकच कारभार. आपल्याकडे शहर आणि गाव यांच्यामध्ये कायद्याचा गडगा आहे. सावंतवाडीने पिंगुळीच्या बाहुल्या आपल्या अर्जात मांडल्या तर पिंगुळी ग्रामपंचायत विचारील, आमचा संबंध काय? आणि तो प्रश्न रास्त असेल.

माझ्या मते अर्जात चितारआळी आणि गंजिफा एवढंच घ्यावं. दशावतार आणि चित्रकथी यांचा उल्लेख परिसराचं वर्णन म्हणून एका परिच्छेदात करावा, पण त्यांच्या नावावर कार्यक्रम लिहू नये. दुसऱ्याच्या अंगणातल्या तुळशीला पाणी घालून पुण्य आपल्या खात्यावर मांडायची सवय सांस्कृतिक प्रस्तावांना फार आहे.

कला: हा रकाना दोन पानांत मावत नाही

चितारआळीतलं काम दोन जातींचं. एक रंगवलेलं लाकूड: आंबा, फणस, केळ्यांचा घड, वांगी, मिरची, भातुकलीची भांडी, पाट, चौरंग, देव्हारे. लाकूड पांगाऱ्याचं असेल तर ते इतकं हलकं असतं की लाकडी आंबा हातात घेतल्यावर पोकळ वाटतो. चिंचोक्याची खळ आणि खडू यांचं अस्तर द्यायचं, घासायचं, रंग चढवायचा. दुसरं काम लाखेचं: फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी दाबून धरायची, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते.

आणि मग गंजिफा. बाबराने 1527 मध्ये सिंधमधल्या एका सरदाराला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. म्हणजे हिंदुस्थानातल्या या खेळाचा लेखी पुरावा जवळजवळ 500 वर्षांचा. पानं गोल. मुघल पद्धतीच्या संचात आठ रंगांची 96 पानं. दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकाची बारा पानं: राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. एकूण 120. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू.

याचा हिशेब एकदा मांडून बघण्यासारखा आहे. एका रंगातल्या एक ते दहा पानांवर मिळून 55 चिन्हं येतात. दहा रंगांची 550. त्यावर राजा-प्रधानांची 20 चित्रं. हे सगळं हाताने, बारीक कुंचल्याने, कापडाच्या किंवा कागदाच्या थरांना खळ आणि खडूचं अस्तर देऊन, घोटून गुळगुळीत केलेल्या चकतीवर. 549 मासे-कासवं नीट आली आणि एक बिघडलं, तरी ते पान पुन्हा करावं लागतं. संचाची किंमत ऐकून भुवया उंचावणाऱ्या गिऱ्हाइकाला हा हिशेब दुकानात कुणी सांगत नाही. दाराशी पाटीवर लिहून ठेवला तरी पुष्कळ काम होईल.

ही कला संपल्यातच जमा होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यात लाखकामाचं आणि गंजिफांचं केंद्र उभं केलं, म्हणून ती आज दिसते. दरबार हॉलमध्ये कलाकार पानं रंगवताना पाहायला मिळतात. अर्जात हे लिहायला अतिशय चांगलं आहे. पण त्यातूनच एक अडचण उभी राहते. कला वाचवली राजवाड्याने, रोजचा माल करते आणि विकते चितारआळी, आणि अर्ज करायचा नगरपरिषदेने. युनेस्कोचा परीक्षक विचारणार, यात तुमचं काय? नगरपरिषदेने आजवर या कलेसाठी कोणता ठराव केला, किती खर्च केला, कोणती जागा दिली? हे उत्तर कौतुकाच्या भाषेत देता येत नाही. ठरावाचा क्रमांक लागतो.

आणखी एक गोष्ट मला खुपते. गंजिफा हा खेळ आहे, पण तो खेळणारं फारसं कुणी उरलेलं नाही. संच विकत घेणारा पानं चौकटीत लावून भिंतीवर टांगतो. खेळाचे नियम फार मजेदार आहेत: तिघांनी खेळायचा, दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने सुरुवात करायची, दिवेलागणीनंतर कृष्णाचा राजा असेल त्याने. अर्ध्या रंगांत दश्शी वरचढ, उरलेल्या अर्ध्यांत एक्का वरचढ. हे लक्षात ठेवून खेळताना पोरांची जी तारांबळ उडेल ती बघायला मी तिकीट काढून जाईन. नगरपरिषदेच्या शाळांमध्ये छापील, स्वस्त संच देऊन आंतरशालेय स्पर्धा घेणं हा चार वर्षांच्या आराखड्यातला सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत टिकाऊ कार्यक्रम ठरेल. खेळणारे वाढले की हाताने रंगवलेल्या संचाची किंमत समजणारेही वाढतील.

बाजार आणि रस्ता

अर्ज विचारतो, या क्षेत्राचा शहराच्या अर्थव्यवस्थेत वाटा किती? हा आकडा कुठल्याही खात्याच्या अहवालातून उचलायचा नाही. नगरपरिषदेच्या कर विभागाने चितारआळीत आणि बाहेर घरोघर जाऊन काढायचा. किती घरं काम करतात, किती यंत्रं चालतात, हाताने रंगवणाऱ्या बायका किती, त्यांना मजुरी नगावर की दिवसावर, तिशीच्या आतले किती. घरपट्टीसाठी माणसं घरोघर जातातच, त्याच फेरीत हे होईल.

गिऱ्हाईक कमी होण्याचं एक कारण मात्र मोजणीशिवाय दिसतं. पूर्वी मुंबई-गोवा रस्ता शहरातून जायचा आणि मोती तलावाच्या काठाने जाताना गाडी थांबायची. झाराप-पत्रादेवी बायपास झाल्यापासून गोव्याला जाणारा शहरात शिरतच नाही. रेल्वे स्टेशन मळगावला. चिपीचा विमानतळ 2021 मध्ये सुरू झाला, पण इथल्या बहुतेक प्रवाशांना आता गोव्यातलं मोपा विमानतळ जवळचं, आणि मोपाला उतरलेला माणूस दक्षिणेकडे वळतो. चितारआळीतल्या दुकानदाराने उद्या नगराध्यक्षांना विचारलं, "बोर्ड लावून गिऱ्हाईक येतला काय?" तर खरं उत्तर आहे, नुसत्या बोर्डाने नाही.

बोर्डाबद्दलच बोलायचं तर युनेस्कोचं नाव आणि चिन्ह व्यापारासाठी वापरायला परवानगी नसते. शहराच्या पत्रकावर, कार्यक्रमाच्या फलकावर नियमाप्रमाणे चालेल; खेळण्यांच्या खोक्यावर नाही. खोक्यावर चालतं ते भौगोलिक मानांकनाचं चिन्ह. सावंतवाडीच्या गंजिफांना आणि लाकडी कामाला ते मिळालेलं आहे. त्याचा एक व्यावहारिक फायदा फार बोलला जात नाही. 1 जानेवारी 2021 पासून देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक झालं. घरात बसून लाकडी मिरच्या रंगवणाऱ्याला प्रयोगशाळेचा खर्च कुठून परवडणार? या आदेशातून दोघांना सूट आहे: विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंद असलेल्या कारागिरांना, आणि मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते असलेल्यांच्या मानांकित वस्तूंना. म्हणजे चितारआळीतल्या प्रत्येक घराची ही नोंद करून देणं, हे युनेस्कोच्या अर्जापेक्षा आधीचं आणि जास्त तातडीचं काम. नगरपरिषदेच्या सभागृहात शिबिर लावून ते होण्यासारखं आहे.

याच नोंदणीतून पर्यटकाचा घोळही कमी होईल. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची, फिरत्या लाकडावर घडवलेली लाखेची खेळणी आणि सावंतवाडीची हाताने रंगवलेली फळं शेजारी ठेवली तर नव्या माणसाला दोन्ही 'लाकडी खेळणी'च. चन्नपट्टणलाही मानांकन आहे, तो मालही चांगला आहे. पण कोणता कुठला हे खोक्यावर लिहिलेलं हवं.

पडुका काय करून बसलं

आता एका परक्या गावाकडे जाऊ, कारण आकाराने ते सावंतवाडीच्या फार जवळ आहे. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात ओहायो आणि टेनेसी नद्यांच्या संगमावर पडुका नावाचं शहर आहे, वस्ती साधारण 27 हजार. तिथली कला गोधडीची. आपल्या गोधडीसारखीच तुकडे जोडून शिवलेली, फक्त ती तिथे संग्रहालयात टांगली जाते. 1980 च्या दशकात गोधडी शिवणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना तिथे सुरू झाली, वार्षिक मेळा भरू लागला, 1991 मध्ये संग्रहालय उघडलं.

शहराचा जुना भाग, लोअर टाउन, मात्र पडझड होऊन ओस पडला होता. 2000 मध्ये नगरपालिकेने एक योजना काढली. पडकी घरं ताब्यात घ्यायची आणि बाहेरून येऊन राहायला, काम करायला तयार असलेल्या कलावंतांना ती अगदी नाममात्र किमतीत, काही तर एका डॉलरला द्यायची. अट एवढीच की घर दुरुस्त करायचं आणि तिथेच राहायचं. दुरुस्तीसाठी गावातल्या बँकेने सवलतीचं कर्ज दिलं. एकाच घरात खाली दुकान, वर बिऱ्हाड चालावं म्हणून जागेच्या वापराचे नियम बदलले. युनेस्कोच्या जाळ्यात पडुका आलं ते 2013 मध्ये, म्हणजे योजनेनंतर तेरा वर्षांनी. अर्जात लिहायला त्यांच्याकडे ठराव होते, घरं होती.

सावंतवाडीने कलावंत बाहेरून आणायचे नाहीत, ते आहेतच. पण हत्यारं तीच आहेत, आणि ती नगरपरिषदेच्याच हातात आहेत: घरपट्टी, गाळे, बांधकाम परवानगी. चितारआळीतल्या ज्या घरात काम चालतं त्या घराला निवासी दरानेच घरपट्टी लावायची की व्यापारी? नगरपरिषदेच्या गाळ्यांच्या लिलावात कारागिराला राखीव जागा ठेवायची का? तलावाच्या काठी संध्याकाळी जिथे गर्दी होते तिथे पुढ्यात बसून रंगवणाऱ्यांसाठी चार ओटे बांधायचे का? यातल्या एकाही गोष्टीसाठी पॅरिसला पत्र लिहावं लागत नाही.

दुसरं उदाहरण थोडं कडू आहे. इटलीतलं फाब्रियानो, सुमारे 30 हजार वस्तीचं, 13 व्या शतकापासून कागद बनवणारं आणि जलचिन्हासाठी प्रसिद्ध. तेही 2013 मध्ये हस्तकलेच्या यादीत आलं आणि 2019 मध्ये जाळ्याची वार्षिक परिषद तिथेच भरली, जगभरचे महापौर येऊन गेले. पुढे 2024 मध्ये तिथल्या एका मोठ्या कंपनीने ऑफिसात लागणाऱ्या कागदाचं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. मानाचं नाव बाजाराचा वारा अडवत नाही. फाब्रियानोच्या हातकागदाचं संग्रहालय चालू आहे, पण कारखान्यातल्या कामगाराला त्याचा काय उपयोग?

चार वर्षांचा आराखडा, मला लिहायला सांगितला तर

गावासाठीची कामं मी वर सांगून टाकलीच आहेत: घरोघर मोजणी आणि नोंदणी, घरपट्टी-गाळ्यांचे ठराव, शाळांत गंजिफा. एकच उरलं, पांगारा. कुंपणाला आणि मिरवेलीला आधार म्हणून पांगारा लावायची कोकणात जुनी रीत. फांदी रोवली तरी फुटतो, शिमग्याच्या सुमारास लालभडक फुलतो. आता कुंपणाला तारा आल्या, जांभ्याचे गडगे झाले, आणि पांगारा लावायचं कारण उरलं नाही. 2005 च्या आसपास पांगाऱ्याच्या पानांवर आणि देठांवर गाठी आणणारी एक बारीक माशी केरळात आढळली, त्यानेही झाड बदनाम झालं. नगरपरिषदेकडे जमीन थोडी, म्हणून इथे तरी आजूबाजूच्या ग्रामपंचायतींशी लेखी समजूत हवीच: गावाने बांधावर पांगारा लावायचा, चितारआळीने ठरल्या दराने घ्यायचा. हद्दीचा जो गडगा वर म्हटला, त्यात वाट काढायची तर ती कलेच्या नावाने नाही, लाकडाच्या व्यवहाराने निघेल असं मला वाटतं.

परदेशाच्या बाजूला मोठमोठी नावं भरायचा मोह आवरावा. श्रीनगर जाळ्यात आहेच, 2021 पासून. तिथल्या कागदाच्या लगद्याच्या कामात आधी थर देऊन आकार करणारा एक आणि नक्षी काढणारा दुसरा, अशी विभागणी असते. अस्तर देणं, घोटणं, रंगवणं हा क्रम गंजिफाच्या पानाला फार जवळचा. सावंतवाडीच्या दोन मुलांनी हिवाळा तिथे काढावा आणि तिथल्या दोघांनी उन्हाळ्यात इकडे यावं. दुसरं शहर जपानमधलं कानाझावा, 2009 पासून हस्तकलेच्या यादीत. त्यांचं लाखकाम प्रसिद्ध आहे, पण ती लाख झाडाच्या चिकाची, आपली किड्याची. एकाच चकाकीला दोन वेगळ्या वाटांनी पोचलेले कारागीर एकमेकांसमोर बसले तर निदान एक चांगलं प्रदर्शन होईल. तिसरं नाव पडुका, पण कलेसाठी नाही; त्यांच्या नगरपालिकेच्या घरं देणाऱ्या विभागाशी इथल्या मुख्याधिकाऱ्यांनी बोलावं म्हणून.

खर्चाचं काय? युनेस्को पैसे देत नाही. परिषदेला जायचा प्रवासखर्चही शहराचा. आणि अर्ज लिहिणं हे नगरपरिषदेच्या आस्थापना विभागातल्या एकट्या क्लार्कचं काम नाही. कोझिकोडला केरळच्या स्थानिक प्रशासन संस्थेने, 'किला'ने, हात दिला, म्हणून तो अर्ज उभा राहिला. आपल्याकडे यशदा ही राज्याची प्रशासन प्रशिक्षण संस्था आहे, तिच्याकडून तसा हात मागायला हरकत नाही. सल्लागार कंपनीला कंत्राट देऊन गुळगुळीत कागदावर छापलेला अर्ज आणू नये, एवढं मात्र आवर्जून सांगेन. चार वर्षांनी अहवाल लिहायला ती कंपनी नसते.

कधी

निकाल दर दोन वर्षांनी येतात: 2015, 2017, 2019, 2021, 2023, 2025. याच क्रमाने पुढची फेरी 2027 ची. देशातून दोनच अर्ज जायचे, क्षेत्रं वेगळी हवीत, म्हणजे हस्तकलेसाठी जास्तीत जास्त एक जागा आणि तिच्यासाठी रांगेत अख्खा देश. श्रीनगरचं नाव 2019 मध्येही पुढे गेलं होतं, मान मिळाला दोन वर्षांनी. ग्वाल्हेरही एकदा मागे राहून मग आलं. सावंतवाडीने 2027 साठी घाई केली तर दिल्लीपर्यंत एक देखणा प्रस्ताव पोचेल आणि 'नगरपरिषदेने आजवर काय केलं' या रकान्यापाशी तो थांबेल.

2029 धरावं. तोवर मोजणी, कारागिरांची नोंदणी आणि घरपट्टीचा ठराव ही तीन कामं झालेली असतील, शाळांतल्या स्पर्धेची दोन वर्षं उलटलेली असतील, पांगाऱ्याच्या फांद्या कमरेच्या वर गेलेल्या असतील. आणि सही करणाऱ्या नगराध्यक्षांची मुदतही त्याच सुमाराला दोन वर्षांच्या आत आलेली असेल, म्हणून आराखडा सभागृहाच्या ठरावाने मंजूर करून घ्यायचा, पुढच्या नगराध्यक्षालाही तो लागू राहील असा. येत्या अंदाजपत्रकात या कामासाठी वेगळं लेखाशीर्ष उघडलं गेलं नाही, मग रक्कम कितीही लहान असो, तर 2029 चाही विचार सोडून दिलेला बरा.